माथ्यावरचा घास

चढणीच्या मध्यावर शालन जांभळीच्या बुंध्याला टेकून बसली, ती उठेचना. गाडीचा आस खाली ओढ्यात मोडला होता. घाटमाथ्यावरच्या वखारीत नवरा वाट बघत होता, तिथवर आता पायीच जायचं होतं. सकाळची भाकरी गाडीच्या हिसक्यांनी केव्हाच ओकून पडली होती. तिला पाचवा महिना होता, आणि आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली होती.

"दोन घास खाऊन घे," सासू म्हणाली. पण गाठोडं सोडता सोडता तिचे हात थांबले. रानात अंधारून आलं होतं.

निपाणीच्या त्या जैन घरात दिवस मावळल्यावर घास सोडाच, पाण्याचा थेंबही कुणी तोंडात घेत नसे. सासू तारामतीचा नेम तर असा कडक, की तापानं फणफणलेल्या पोटच्या पोरालाही तिनं रात्रीचा काढा दिला नव्हता. सगळ्या गल्लीला हे पाठ होतं. शालनला जरा जास्तच.

"ऱ्हाऊ द्या आत्याबाई. सकाळी खाईन."

"झाडीत अंधार लवकर पडतोय. माथ्यावर दिवस असंल अजून. ऊठ."

म्हातारीनं तिच्या काखेत हात घातला. वाट दगडाधोंड्यांची, चढ छातीवर येणारा. सासूचा श्वास भात्यासारखा चालला होता, पण हात काही सुटला नाही. शालनचं पोट ओढत होतं आणि ती मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणत होती.

झाडी संपली, वारा अंगावर आला. पुढं बोचकं घेऊन चाललेला गाडीवान भरमू थांबला.

"आक्का, दिवस तर कवाच..."

"भरमू, तू बैलांचं बघ जा."

बैल खाली ओढ्याकाठी, त्याच्या भावापाशी होते. भरमूनं दोघींकडं एकदा पाहिलं, बोचकं ठेवलं आणि मुकाट्यानं बैलांचं बघायला गेला.

शालननं मान वर करायच्या आत तारामतीनं तिला खांदे धरून उगवतीकडं तोंड करून बसवलं. भाकरीवर दही घालून हातात दिली आणि स्वतः तिच्या पाठीला पाठ लावून मावळतीकडं बघत बसली.

"खा. माझी नजर हाय दिवसावर."

पहिला घास उतरला तसं शालनला रडूच आलं. तिनं डोळे पुसले, तर समोरच्या रानावर एक चांदणी लुकलुकत होती. जरा वरती दुसरी. तिचं चावणं थांबलं. पाठीमागं सासू अजून धापा टाकत होती, आणि ती पाठ फार उबदार होती.

शालननं पुढचा घास मोडला.

"आत्याबाई, दिवस हाय तवर तुमी बी खावा की."

तारामतीनं पाठ जरा आणखी टेकवली.

"मला भूक न्हाय," ती म्हणाली. "तू सावकाश खा. लई दिवस हाय अजून."