गच्चीवरची बारा पॅनेलं

लसींचा फ्रिज आज पुन्हा भरदुपारी बंद पडला आणि खापर पुन्हा मामांच्या डोक्यावर फुटलं.

मामा म्हणजे दवाखान्याचे शिपाई. हा फ्रिज चालवणारी गच्चीवरची बारा सौर पॅनेलं त्यांच्या ताब्यात. सहा वर्षांपूर्वी ती बसवणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं की, पंचवीस वर्षं बघायला नको, फक्त धूळ साचू देऊ नका. मामांनी ते गुरुवाक्य मानलं. रोज सकाळी बादली वर न्यायची, भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी घ्यायची आणि ओल्या काचेत तोंड दिसेपर्यंत थांबायचं नाही. अंगात ताप असला तरी खाडा नाही.

तरी वीज दरसाल कमीच. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, मामा, तुम्ही वरवर हात फिरवता. मामांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग ते दिवसातून दोनदा घासायचे. फ्रिज काही ऐकेना. गेल्या महिन्यात लसींचा सगळा साठा फेकावा लागला आणि चाळीस आया तान्ही लेकरं घेऊन तशाच परतल्या. बाईंनी बजावलं, मेकॅनिकने तुमची चूक काढली तर हे काम दुसऱ्याला देईन.

मेकॅनिक आला. एकेका पॅनेलला मीटर लावत गेला. मामा घामाघूम होऊन मागे मागे. कंपनीने माल खोटा दिला, बॅटऱ्या भिकार निघाल्या, ऊनसुद्धा पूर्वीचं राहिलं नाही, असं त्यांचं चाललेलं.

अकरा पॅनेलं कमजोर निघाली. बारावं टाकीच्या आड अडचणीत होतं. तिथे मामांचा हात कधी पोहोचलाच नव्हता. कबुतरांनी ते पार माखून ठेवलं होतं. मामा ओशाळले. मेकॅनिकने टाकीवर चढून ओल्या फडक्याने ते एकदा पुसलं, मीटर लावलं आणि चक्रावला. पॅनेल जवळजवळ नव्यासारखं चालत होतं.

तो खाली उतरला. शेजारच्या पॅनेलवर वाकून त्याने काच तिरपी न्याहाळली. काचभर बारीक गोल चरे होते, एकावर एक, हजारो. ऊन आत जायला वाटच उरली नव्हती. चरे मामांनाही दिसले. हातातली घासणी त्यांनी पाठीमागे नेली.

"साफसफाई कोण करतं?" मेकॅनिकने विचारलं.

डॉक्टरीणबाई जिना चढून नुकत्याच वर आल्या होत्या. मामांचा पडलेला चेहरा पाहून त्यांना भरून आलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मामांची बाजू घेतली.

"त्यांना बोल लावू नका हं. एक दिवस चुकवला नाही त्यांनी. अगदी जीव ओतून घासतात."