बोलण्याचा रोख

विमा कंपनीचा यंत्रमानव वासंतीकाकूंच्या डाव्या गुडघ्याला तेल चोळत होता. पहिली तारीख म्हणून त्याने ठरलेला प्रश्न विचारला, "यापुढे माझी सेवा हवी, की घरच्यांनी सेवा करायची आणि त्यांना रोख द्यायची?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सून मृणाल पुटपुटली, "काहींची चैन आहे. दिवसभर पाय चेपून घ्यायचे."

काकू फणकारल्या, "ऐकलंस ना? रोख माझ्याकडेच."

"रोख. नोंद झाली," असं म्हणून यंत्रमानव उठला आणि उजवा गुडघा कोरडाच ठेवून चालता झाला.

काकू बघतच राहिल्या. मृणालच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. तिने तो दोनदा वाचला, हात पुसले आणि तेलाची वाटी उचलली.

"आई, उजवा पाय द्या बघू."

बोलण्याचा रोख साफ बदलला होता.