अजबबंगल्यातलं जाळं

"ते जाळं जरा उतरवून द्या, भाऊ. मंग परत टांगा," गोकुळा म्हणाली.

देवाजीनं मान हलवली. टेकडीवरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयाचा तो रखवालदार. चांदा जिल्ह्याचा कारभार आता मुंबईहून चालायचा, पण त्याची खबर अजून टेकडीवर पोचली नव्हती. गोंड राजांच्या तोफा गंजत होत्या, चित्रांना ओल चढत होती आणि लोक त्या जागेला अजबबंगलाच म्हणत होते.

"इथल्या वस्तूले हात लावता येत नाई, मावशी. सायबाचा हुकूम आहे."

"वस्तू कायची? माह्या पोराचं जाळं आहे ते."

गोकुळाची सून कुंता भिंतीजवळ गेली. जाळ्याची एक कड लाल सुतानं सांधलेली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनंच ती सांधली होती. घरात पांढरं सूत नव्हतं. मासे लाजतील आता, म्हणून नवरा खूप हसला होता.

"हेच," ती म्हणाली. आणखी बोलली असती तर रडू फुटलं असतं.

तिचा नवरा झिंगू चार पावसाळ्यांमागं वैनगंगेच्या पुरात जाळं टाकायला गेला तो आलाच नाही. डोंगा सापडला, माणूस नाही. शेवटी गावानं पळसाच्या काड्यांचा बाहुला केला, झिंगू म्हणून जाळला आणि कुंताच्या बांगड्या फोडल्या. इथवर सगळं रीतीप्रमाणं झालं. कावळ्यानं मात्र रीत मोडली. दर पितृपक्षात घास ठेवला की कावळे कौलावर येऊन बसत, मान वाकडी करून बघत आणि उडून जात. गोकुळानं हात जोडून नाही नाही ती वचनं दिली. मोहाची दारू ठेवून पाहिली. कावळा ढिम्म.

त्यात अडकली होती कुंता. ज्याचा जीव घरात घुटमळतोय त्याची बायको दुसऱ्याला कशी द्यायची, असं जातीच्या पंचांचं म्हणणं. कावळा शिवल्याशिवाय तिचा पाट लागणार नव्हता. पोंभुर्ण्याचा दसरू, बायको वारलेला, स्वभावानं गरीब, कधीचा तिच्यासाठी थांबला होता. यंदाही नाही शिवला तर मी दुसरीकडं बघतो, असा त्याचा निरोप आला. त्याचंही काही चुकत नव्हतं. लहान पोरगी होती त्याला.

तेवढ्यात मूल गावच्या बाजारात कुणीतरी गोकुळाच्या कानावर घातलं की झिंगूचं जाळं अजबबंगल्यात टांगलंय. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोराचा जीव जाळ्यात गुंतला असणार! दोघी घास बांधून टेकडी चढल्या.

"हे इथी आलं कसं, भाऊ?" कुंतानं विचारलं.

"पुरात वाहून आलं होतं. कोनी तरी आनून देल्लं." देवाजीनं तिच्याकडं पाहिलं नाही. खुंटीवरून जाळं काढता काढता तो पुटपुटला, "सायब चांद्याले गेला आहे म्हनून. चला, मागच्या बुरुजावर."

बुरुजाला लागून एक बंद खोली होती. तिच्या दारासमोर त्यानं जाळं पसरलं आणि घास कुठं ठेवायचा ती जागाही दाखवली. गोकुळानं पळसाच्या पानावर भात वाढला, वर तळलेली मासोळी ठेवली.

कावळे आले. तटावर ओळीनं बसले. खाली कुणी उतरेना.

"तुहं जाळं घरी नेतो, बाप्पा," गोकुळा म्हणाली. "तुही कुंता तुह्याच घरी राहीन. कोनाच्या घरी धाडत नाई तिले. शिव रे."

एक कावळा उडून गेला.

गोकुळा मटकन खाली बसली. "काय पाह्यजे रे तुले? माहा जीव पाह्यजे का? घे ना मंग! काऊन छळून राह्यला?"

आजवर सगळ्यांनी कुंताच्या वतीनं वचनं दिली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती पुढं झाली. नवऱ्याशी बोलताना घ्यायची तसा तिनं पदर नीट घेतला.

"तुमची वाट पाहून मी थकली," ती म्हणाली. "मले लेकराचं घर पाह्यजे. रागावू नोका. मी जाऊ का?"

देवाजी पुढं आला. "मागं सरा दोघी. मानसाले भेतात ते." मग रोज तुकडे टाकताना काढायचा तसा त्यानं ओठांनी बारीक आवाज काढला.

एक कावळा पानावर उतरला. त्यानं मासोळी उचलली. दुसरा आला, तिसरा आला. भात उधळला गेला.

गोकुळा हसत होती की रडत होती, तिचं तिला कळत नव्हतं. कुंता मात्र हमसून हमसून रडली. सुटल्याचं बरं वाटलं, पण विचारल्याबरोबर त्यानं सोडलं, हे तिच्या जिव्हारी लागलं. एवढीच का माया होती?

"जाळं नेता का?" देवाजीनं विचारलं.

"राहू द्या इथीच," कुंता म्हणाली. "आता कायले?"

गोकुळानं उरलेला भात आणि एक मासोळी देवाजीला बळंच दिली. तुमचे उपकार फेडता येणार नाहीत म्हणाली. दोघी टेकडी उतरू लागल्या. सासूनं सुनेचा हात धरला होता. झाडांआड दिसेनाशा होईपर्यंत देवाजी तटापाशी उभा राहिला.

मग त्यानं मागच्या खोलीची कडी काढली. अंधारात एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. महारोगानं बोटं झडलेले, चिंध्यांत गुंडाळलेले दोन्ही हात त्यानं तोंडावर दाबून धरले होते. देवाजीनं भात आणि मासोळी त्याच्यापुढं ठेवली.

"शिवला का कावळा?" झिंगूनं विचारलं.