दुसरं कापड

स्कॉटलंडच्या बेटावर आठ बायका नवं विणलेलं ओलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून गाण्याच्या ठेक्यावर टेबलावर आपटत होत्या. गेलिक या त्यांच्या जुन्या भाषेतल्या गाण्याची शेवटची ओळ संपली, तशी केटी-अ‍ॅन आत्या म्हणाली, "चहा."

"चहाआधी माझं एक," इशबेल म्हणाली आणि तिने गिटार उचलली.

आत्याकडून शिकलेल्या गेलिक गाण्यांवरून तिने इंग्रजी पॉप गाणी केली होती. ग्लासगोतल्या रेकॉर्ड कंपनीला ती उद्या हवी होती. आत्या 'हे आपलं नव्हे' म्हणाली, तर पाठवायची नाहीत, असं तिने ठरवून टाकलं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"इंग्रजीत?" डॉली म्हणाली. "कापडाला कळेल का गं?"

"शेवटी लंडनलाच विकलं जाणार ना ते? शिकू दे की आत्तापासून."

बायका हसल्या. आत्या हसली नाही.

इशबेल गायला लागली. मूळ गाण्यातली होडीची वाट पाहणारी मुलगी तिच्या गाण्यात विमानतळावर बसली होती. ठेका नाचरा होता. दुसऱ्या कडव्याला डॉलीचे हात कापडावर गेले. मग शेजारणीचे. बघता बघता टेबल दणदणू लागलं.

"थांबा!"

आत्या उभी राहिली होती. गिटार गप्प झाली.

"हात काढा कापडावरून. हे गाणं सकाळी पहिलंच झालंय. एका कापडावर तेच गाणं दोनदा म्हणतात का? उद्या ज्याच्या अंगावर हे जाईल, त्याचं वाईट व्हायचं."

"पण आत्या, सकाळचं गेलिक होतं. हे तर मी..."

"मी काय बहिरी आहे? तेच आहे ते." आत्या खरंच चिडली होती. "होडी विकून विमान घेतलंस, एवढंच. पोरगी तीच, रडणं तेच."

"खरंच तेच वाटतं?"

"दात काय काढतेस? दुसरं कापड आण."

दुसरं कापड नव्हतं. डॉलीने टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. आत्याने मात्र तोवर खुंटीवरचा आपला लोकरी कोट काढला होता. तिने तो साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवला.

"अगं, चर्चचा कोट तो!" डॉली ओरडली.

"रविवारला चार दिवस आहेत." आत्याने निथळता कोट टेबलावर आपटला. समोरच्या तिघींच्या तोंडावर पाणी उडालं. "हं, गा गं. आणि जरा जोरात."