पाहुण्यांची गॅलरी

पहिली बाटली जाळीवरून येऊन कानाजवळून गेली तेव्हा श्रीहरीला हसूच आलं. नेम सुजयचा असणार. जन्मात कधी नीट लागला नव्हता.

जाळीपलीकडे अख्खी इंदुरी गॅलरी उभी राहून गात होती, "पोहे खाओ, गोल खाओ, सीधे अपने घर को जाओ!" हे गाणं श्रीहरीनेच सकाळी ठेल्यावर पोहे खाता खाता जुळवलं होतं. आणि आता भारत-नेपाळच्या मॅचला तो स्वतः नेपाळवाल्यांच्या गॅलरीत बसला होता, अंगात नेपाळचा लाल टी-शर्ट घालून. लालच्या आत निळा. भारताचा गोल झाला रे झाला की लाल काढून निळ्यात नाचायचं, असा सुजय आणि बाकी दोस्तांबरोबर ठरलेला बेत. वय वर्षं बावन्न. बायको म्हणाली होती, "लाज नाही तर नाही, कमरेचा पट्टा तरी लावून जा."

शेजारी लक्ष्मी नावाची बाई होती. नेपाळातल्या बुटवलच्या शाळेत शिकवणारी, दोन दिवस गाड्या बदलत आलेली. बसल्या बसल्या तिने विचारलं होतं, "दाजू, आप कहाँ से?" दाजू म्हणजे दादा, एवढं श्रीहरीला ठाऊक होतं. त्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता ठोकून दिलं, "पोखरा से. बचपन में इधर आ गया. भाषा-वाषा सब भूल गया."

बाईने डब्यातले भाजलेले मक्याचे दाणे त्याच्या ओंजळीत ओतले. "भूल गए तो क्या हुआ. मॅच देखने तो आए ना."

श्रीहरीने दाणे खाल्ले. मनात म्हणाला, काय फसवलंय!

मग गोल झाला. नेपाळचा.

लक्ष्मी लहान मुलीसारखी उड्या मारायला लागली. समोरच्या गॅलरीत गाणं पुन्हा सुरू झालं. चाल तीच, शब्द वेगळे. "ए शाबजी, सीटी बजाओ, वापस अपने गेट पे जाओ!"

ही गुरख्यांवरची ओळ आपली नाही, श्रीहरीच्या मनात आलं. कोणी घुसवली? यमक मात्र पक्कं बसलं होतं. हसावं की नाही, ते त्याला कळेना. अर्धं हसू तोंडावर तसंच राहिलं.

आता बाटल्या एकेक येत नव्हत्या. आणि रिकाम्याही नव्हत्या. बूच लावलेली एक भरलेली बाटली लक्ष्मीच्या भुवईवर बसली. ती आवाज न करता खाली बसली. श्रीहरीने रुमाल दाबला. रुमाल भिजला, मग त्याची बोटं, मग दोन्ही तळवे.

तो उठून बाकावर चढला आणि दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवू लागला. थांबा! बस करा!

समोरून कुणीतरी ओरडलं, "अरे, तो बघ! आपला श्रीहरी भिया!" इंदुरात भैयाचा भिया होतो. सुजय आणि गँग एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत हसायला लागली.

श्रीहरीने फोन लावला.

"भिया, लाल रंग पण घेऊन गेले का?" सुजय किंचाळत होता. "रंगपंचमीच्या गेरची मिरवणूक काढता की काय तिकडे!"

"सुजय, ऐक. रंग नाही, रक्त आहे. बाईला लागलंय. बंद करायला सांग रे सगळ्यांना."

"ओ हो हो! आवाज तर बघा! फोन स्पीकरवर घेतो, ऐका रे!"

"खरं सांगतोय, आईशप्पथ!"

"हॉस्पिटलच्या टाइमाला पण आईचीच शप्पथ होती, भिया!"

ते खरं होतं. मागल्या वर्षी याच आवाजात 'आयसीयूत आहे' सांगून श्रीहरीने सगळ्यांना संत्री घेऊन पळवलं होतं, आणि स्वतः हॉस्पिटलसमोर कचोरी खात उभा होता.

"अब उतारो ना लाल वाला!" फोनमधून दहा जण ओरडले. "पब्लिक वाट बघतेय!"

फोन कटला. श्रीहरी पोलिसाकडे धावला. पोलीस म्हणाला, "गेट नहीं खुलेगा. बाहर और भी लोग खड़े हैं. चुपचाप बैठो अपने लोगों में."

अपने लोगों में. श्रीहरीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

लाल काढला तर निळा दिसेल. मग निदान आपल्या अंगावर तरी कोणी मारणार नाही. परत येऊन त्याने टी-शर्टची कड धरली, पोटापर्यंत वर घेतलीसुद्धा. समोर टाळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात लक्ष्मीने त्याचं मनगट धरून त्याला खाली ओढलं.

"खड़े मत रहो, दाजू. आपको लग जाएगी."

तिने आपली प्रवासाची बॅग दोघांच्या डोक्यावर धरली. एका हाताने बॅग, दुसऱ्या हाताने कपाळावरचा रुमाल. बॅगेवर बाटल्या धप्प धप्प पडत होत्या. टी-शर्टची कड श्रीहरीच्या हातून केव्हाच सुटली होती.

समोर टाळ्यांना ताल आला. आधी पाच-सहा जण, मग पन्नास, मग सगळीच गॅलरी. "श्री-हरी! श्री-हरी!" ज्यांनी त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं तेही ओरडत होते. आणि प्रत्येक 'हरी'बरोबर एक बाटली येत होती.

लक्ष्मीने बॅगेखालून मान तिरकी करून विचारलं, "दाजू, ये श्रीहरी कौन है?"

श्रीहरीने टी-शर्टची कड खाली ओढली.

"पता नहीं," तो म्हणाला.

तिने थोडा वेळ ऐकलं.

"इतना बुला रहे हैं," ती म्हणाली, "तो वो जाता क्यों नहीं?"