मेडशीच्या शाळेपुढे

देवमनची जुनी डिझेल गाडी अधूनमधून बंद पडायची, आणि पडली की मेडशीच्या शाळेपुढेच. हरीओम मिस्तरीने फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली. शेवटी तो स्वतः शेजारी बसला.

शाळा आली. इंजिन बंद करायचा खटका आपोआप बाहेर सरकला. देवमनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"हे काय होऊन राह्यलं, भौ?"

"शाळा आली का धम्मदीपा मागून वाकून हाच खटका ओढे," देवमन म्हणाला. लेक वारून वर्ष झालं होतं.

"तारेनं बांधून टाकू?"

"बांध. उद्या तिची माय बसनार हाय गाडीत. तिले हे सोसनार नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी न थांबता शाळेपुढून निघाली. चालत्या गाडीचा मागचा दरवाजा उघडला आणि हळूच लागला.

शेजारी बसलेली पंचफुला म्हणाली, "काहून थांबले नाही? तिले उतराचं होतं ना."