सोडलेल्या लाटा

वारा साफ पडला होता. करंजा बंदराबाहेर होडी थांबवून महादेवने लेकाला बजावलं, "त्या फळीवर उभा ऱ्हाऊन किनारा गाठ. नाय जमला, तर सोमवारी गुमान पनवेलच्या ऑफिसात नोकरीला जायचा."

निकेशने लाटांवर चालवायची आपली फळी पाण्यात सोडली; तिच्या तळाशी दांड्यावर विमानासारखा छोटा पंख होता. वल्हं घेऊन तो तिच्यावर उभा राहिला. पहिली लाट त्याने जाऊ दिली, दुसरीही. तिसरी चांगली थोराड होती, पण ती वाटेतच बसणार हे ओळखून त्याने तीही सोडली.

"घाबरलास काय रं?"

निकेश हसला. चौथीला त्याने वल्ह्याचे चार हात मारले. फळीखालच्या पंखाने त्याला पाण्यावर उचललं, ते थेट किनाऱ्याशीच उतरवलं.

धक्क्यावर निकेशच्या आईने महादेवला विचारलं, "मंग, जातोय ना पनवेलला?"

"नाय. उभा तर कुनी पन ऱ्हाईल गं. यानी तीन लाटा सोडल्या."